दोघींच्या दोरीवर पहिला ग्लेशियर

पहिल्यांदा ग्लेशियरवर, म्हणजे हिमनदीवर, जायचं ठरलं की सगळे आधी शूज, जॅकेट, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे धातूचे काटे) यांच्या मागे लागतात. मीही लागले होते. पण आता कोणी मला विचारलं तर मी आधी उलट विचारते, दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, आणि तू भेगेत पडलीस तर ती व्यक्ती एकटी तुला बाहेर काढू शकेल का? तीन-चार जण एका दोरावर असले तर एक पडला तरी बाकीचे भार धरून ठेवतात आणि कोणीतरी एक मोकळा होऊन अँकर, म्हणजे दोर अडकवायला बर्फात पक्का आधार, लावतो. दोघांत ते नसतं. पडणाऱ्याला थांबवायचं, आडवं पडून त्याचं वजन पेलायचं, त्याच अवस्थेत एका हाताने बर्फ खणून अँकर बसवायचा आणि मग ओढायचं, हे सगळं एकाच माणसाला करायचं असतं.

माझ्या मैत्रिणीने गिर्यारोहणाचा कोर्स केलेला, आधी चार-पाच ग्लेशियर चढलेले. मी ट्रेक भरपूर केले होते पण बर्फावर दोर बांधून एकदाही चालले नव्हते, आणि मनातल्या मनात मी धरून चालले होते की तिला येतंय ना, मग झालं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "अगं, मीच खाली गेले तर मला येऊन काय उपयोग? तुला आलं पाहिजे." आणि आमच्या सात दिवसांतले पहिले तीन तिने फक्त सरावाला ठेवले. तुम्ही दोघंही नवखे असाल तर मी स्पष्टच सांगते, दोघंच जाऊ नका, गाईड घ्या नाहीतर अनुभवी तिसरा माणूस सोबत घ्या.

ग्लेशियर स्थिर नसतो हे मला वाचून माहीत होतं पण त्याचा अर्थ तिथे जाऊन कळला. वरचा साधारण तीस-चाळीस मीटरचा बर्फ ठिसूळ असतो, त्याखालचा बर्फ वरच्या वजनाने दबून हळूहळू वाहत असतो, आणि खालचं सरकतं पण वरचं ताणलं जातं म्हणून वर भेगा पडतात. म्हणजे उतार जिथे अचानक तीव्र होतो किंवा ग्लेशियर वळतो तिथे भेगा असणारच असं समजून चालायचं. खालच्या भागात बर्फ उघडा असतो, भेगा निळ्या-काळ्या दिसतात, नवीन माणूस तिथेच घाबरतो, पण दिसणारी भेग टाळता येते. खरी काळजी वरच्या पांढऱ्याशुभ्र भागात घ्यायची, कारण तिथे भेगेवर बर्फाचा पूल तयार झालेला असतो आणि वरून काहीच कळत नाही. नीट बघितलं तर कधीकधी एखादी लांब रेघ जराशी खचलेली दिसते, किंवा तिथल्या बर्फाचा रंग थोडा वेगळा, मळकट वाटतो. एक सापडली की तिला समांतर अजून असणार हे लक्षात ठेवायचं आणि भेगांच्या दिशेला आडवं, काटकोनात चालायचं, नाहीतर दोघंही एकाच भेगेवर उभे राहता.

सरावाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. पहिला दिवस फक्त चालणं आणि सेल्फ अरेस्ट, म्हणजे घसरल्यावर आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) रोवून स्वतःला थांबवणं. मध्यम उतारावर क्रॅम्पॉनचे खालचे सगळे काटे एकदम टेकतील असा पूर्ण तळवा ठेवायचा, हे माझ्या घोट्यांना जमायला अर्धा दिवस लागला. समोर बाहेर आलेले दोन काटे फार उभ्या बर्फासाठी असतात, लॉरां ग्रिव्हेलने ते १९२९ मध्ये आणले, त्याआधी ऑस्कर एकेनस्टाइनच्या १९०८ च्या डिझाइनमधले दहा काटे खालीच होते आणि माणसं त्यावर मोठमोठे डोंगर चढली, त्यामुळे सोप्या उतारावर टाचा उचलून पोटऱ्या जाळायची काही गरज नाही. आइस ॲक्स नेहमी चढाच्या बाजूच्या हातात, वळलात की हात बदला. सेल्फ अरेस्ट मात्र शंभर वेळा करा, पोटावर पडून, पाठीवर पडून, डोकं खाली असताना, आणि जिथे खाली उतार आपोआप सपाट होतो अशाच जागी करा.

दुसरा आणि तिसरा दिवस रेस्क्यूचा. एका छोट्या बर्फाच्या कड्याखाली ती दोरावर लटकली, मी वर आडवी, आणि आता काढ मला. टी स्लॉट म्हणजे दोराच्या ओढीला आडवी अशी कोपरभर खोल खाच खणायची, त्यात बर्फाचा खुंटा किंवा ॲक्स आडवी पुरायची आणि तिच्या मध्यातून स्लिंग (पट्टीचा फास) बाहेर काढायला ओढीच्या दिशेने एक अरुंद चर पाडायची, ती चर उथळ राहिली तर स्लिंग वर ओढली जाते आणि अख्खा अँकर उपटतो, माझा पहिला तसाच उपटला. (तेव्हा तिला दुसरा सेफ्टी दोर होता, सरावात तो हवाच.) भार पेलत असताना दोन्ही हात मोकळे नसतात, त्यामुळे खुंटा बॅगेत नाही, हार्नेसला (दोर ज्याला बांधतात त्या कमरेच्या पट्ट्याला) किंवा बॅगेच्या बाहेर हाताला लागेल असाच हवा. मग प्रुसिकने (भार आला की दोरावर आवळणाऱ्या गाठीने) भार हळूच अँकरवर सोडायचा, अँकर हलत नाही ना बघायचं, भेगेच्या कडेपर्यंत स्वतःला बांधून सरकत जायचं, कडेखाली बॅग किंवा ॲक्स सरकवायची नाहीतर दोर बर्फात रुतून बसतो, आणि मग पुलीची रचना करून ओढायचं. तीनास एक म्हणजे कागदावर एक तृतीयांश जोर, प्रत्यक्षात कडेच्या घर्षणाने त्यातलं बरंच खाल्लं जातं. पहिल्यांदा मला पन्नास मिनिटं लागली, चौथ्यांदा बावीस. ही बावीस मिनिटं झाल्यावरच ती म्हणाली, आता जाऊ.

दोर बांधताना आमच्यात साधारण पंधरा मीटर अंतर होतं आणि पन्नास मीटरच्या दोरातला उरलेला भाग दोघींनी सारखा वाटून गुंडाळून अंगावर घेतला होता. मधल्या भागात, दोघींपासून काही मीटर सोडून, चार-पाच जाड गाठी. कोणी पडलं तर दोर बर्फाच्या कडेत घुसतो आणि गाठ तिथे अडकते, त्यामुळे वरच्या माणसावरचा झटका बराच कमी होतो. या गाठी मऊ बर्फात काम करतात, उघड्या कडक बर्फावर त्यांचा भरवसा नाही. आणि त्याच गाठींमुळे तो दोर पुलीतून ओढता येत नाही, म्हणून उरलेला मोकळा दोर अंगावर लागतो, त्याच्यानेच बाहेर काढायचं असतं. दोघींच्या दोरावर एकेक प्रुसिक आधीच लावलेला होता. कार्ल प्रुसिकने १९३१ मध्ये गिर्यारोहकांसाठी सांगितलेली ही गाठ, भार आला की आवळते, सोडला की सरकते. हातमोजे घालून ती बांधता आली पाहिजे, नुसती बांधता येऊन भागत नाही.

पुढे कोण हाही प्रश्न असतो. ती माझ्यापेक्षा बारा किलोने हलकी आणि रस्ता ओळखणारी, म्हणून चढताना ती पुढे, मी मागे. पूल पुढच्याच्या पायाखाली मोडण्याची शक्यता जास्त आणि धरणारा जड असलेला बरा. उतरतानाही तीच पुढे. मागच्याचं काम एकच, दोर ताणलेला ठेवायचा, जेमतेम बर्फाला टेकेल इतका. हातात वेटोळी घेऊन चालायचं नाही, तेवढी वेटोळी म्हणजे तेवढं जास्त पडणं.

उंचीची घाई करू नका. तीन हजार मीटरच्या वर रोज झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम, हे आम्ही पाळलं, सरावाचे दिवस त्यातच बसले. चष्मा कॅटेगरी चारचा, म्हणजे सगळ्यात गडद काचांचा, बाजूने बंद असलेला. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा, ऊन खालून परतून येतं, मला तिथेच फोड आले. पाण्याची बाटली उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं, मग झाकण मोकळं राहतं. हेडलॅम्पची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाजवळ.

चौथ्या रात्री एक वाजता उठलो तेव्हा आकाश पूर्ण ढगाळ होतं आणि थंडी चक्क कमी होती. मला बरं वाटलं. तिने तंबूबाहेर जाऊन ॲक्सचा दांडा बर्फात दाबला, तो जोर न लावता अर्ध्याहून जास्त आत गेला. आकाश मोकळं असलं की रात्री बर्फाची उष्णता निघून जाते आणि तो घट्ट गोठतो, ढग असले की ती तिथेच अडकते आणि बर्फ मऊच राहतो, आणि मऊ बर्फाचे पूल म्हणजे पूल नाहीतच. ती परत आत आली, बूट काढले आणि झोपली. मला तेव्हा खूप राग आला होता, इतके दिवस, इतकी मेहनत, हवा शांत, आणि आपण झोपतोय. आज मला वाटतं की मी त्या ट्रिपमध्ये शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती.

पुढच्या रात्री चांदणं होतं, दांडा चार बोटं पण आत जाईना. दोन वाजता निघालो. क्रॅम्पॉनचा करकर आवाज, हेडलॅम्पच्या गोलात समोर सरकत जाणारा दोर आणि त्यावरच्या गाठी, बाकी काही नाही. साडेसातला माथ्यावर होतो. आम्ही नऊला परत फिरायचं ठरवलं होतं, कुठेही असलो तरी, त्यामुळे हातात वेळ होता आणि तो वेळ आम्ही वर घालवला, जवळजवळ पाऊण तास. तो घालवायला नको होता.

उतरताना सव्वानऊ झाले असतील, वरचा थर ओला झाला होता, क्रॅम्पॉनखाली गोळे धरायला लागले होते आणि मी दर चार पावलांना ॲक्सने बूट ठोकत होते. सकाळी ज्या पुलावरून गेलो त्याच्यावरच ती होती. आवाज फार झाला नाही, पोतं टाकल्यासारखा एक धप, आणि ती कमरेपर्यंत आत. मी काही ठरवलं नाही, मी ॲक्सवर आडवी पडलेलीच होते, तोंडात बर्फ, आणि हार्नेस कमरेत रुतला. नाकापासून चारेक मीटरवर पहिली गाठ दिसत होती, ती थरथरत होती. मी ओरडले, "धरलंय!" थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "पाय मोकळे आहेत गं, खाली काहीच लागत नाहीये."

अँकर लावावा लागला नाही. तिने ॲक्स पुढे रोवली, मी पायांचे काटे रोवत इंच इंच मागे सरकले आणि ती पोटावर घसपटत माझ्या बाजूला बाहेर आली. उभं राहायच्या आधी तिने लोळतच पाच-सहा मीटर अंतर घेतलं. मग आम्ही चाळीस मीटर वर चढून दुसरीकडून, दांड्याने प्रत्येक पाऊल टोचत, पार झालो. त्यात तासभर गेला.

मोरेनवर, म्हणजे ग्लेशियरने आणून टाकलेल्या दगडांवर, पोचल्यावर दोर सोडला. बाकीच्या गाठी सुटल्या, ती पहिली मात्र सुटेना, पाणी पिऊन घट्ट झालेली, दोघींनी दोन बाजूंनी खूप वेळ ओढली. शेवटी ती तशीच ठेवून दोर गुंडाळला आणि तिने तो माझ्या बॅगेवर बांधला.