जुन्या सर्व्हरचे सेन्सर बोलते करताना

नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात सिस्टिम ॲडमिनची नोकरी धरलीत, तर पहिल्याच वर्षी कोरा करकरीत सर्व्हर हाती येईल अशी आशा धरू नका. टॅली, हजेरीचं सॉफ्टवेअर, फाइल शेअरिंग असं सगळं कुठूनतरी वापरलेल्या मिळालेल्या रॅक सर्व्हरवर चालतं, आणि त्याची खोली म्हणजे अकाउंट्सशेजारची अडगळ. संध्याकाळी शेवटचा माणूस निघताना तिथला एसीही बंद करून जातो. नाशिकची थंड हवा डिसेंबरात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा आत काय चाललंय हे आकड्यांत दिसायलाच हवं.

माझ्याकडे आलेलं यंत्र दोन झिऑन ५५०० प्रोसेसरांचं होतं. इंटेलने ही मालिका २००९ मध्ये आणली, म्हणजे वय लक्षात घ्या. वर डेबियन लिनक्स. नवीन मुलं जे करतात तेच करायचं: एलएम-सेन्सर्स हे तापमान-पंखे वाचणारं सॉफ्टवेअर टाकायचं, चिप शोधणारी त्याची सेन्सर्स-डिटेक्ट स्क्रिप्ट चालवायची आणि मिळालेली मॉड्यूल्स, म्हणजे ड्रायव्हर, लोड करायची. विचारलेल्या प्रश्नांना आधीपासून सुचवलेलंच उत्तर ठेवा, उगाच सगळीकडे ‘येस’ ठोकू नका. काही बस तपासणं जुन्या हार्डवेअरला मानवत नाही. एवढं करून सेन्सर्स कमांड दिली की प्रत्येक कोअरचं तापमान दिसतं आणि पंख्यांचा मागमूस नसतो. इथे बरेच जण ‘बोर्डचे सेन्सर गेले’ म्हणून मोकळे होतात.

सेन्सर गेलेले नसतात, ते दुसऱ्याच्या ताब्यात असतात. कोअरचं तापमान प्रोसेसरमधूनच येतं, ते कोअरटेम्प ड्रायव्हर वाचतो. साध्या डेस्कटॉप बोर्डवर पंखे आणि व्होल्टेज विनबॉण्ड, नुवोटॉन किंवा आयटीईच्या सुपर आय-ओ चिपकडे (बोर्डवरची किरकोळ कामं सांभाळणारी चिप) असतात. सर्व्हर बोर्डवर मात्र बहुधा बीएमसी नावाचा वेगळा छोटा कंट्रोलर ही राखण करतो. मुख्य यंत्र बंद असलं तरी वीज आहे तोवर तो जागा असतो. त्याच्याशी बोलायची भाषा आयपीएमआय.

म्हणून माझा सल्ला उलट क्रमाचा आहे: आधी बीएमसीला विचारा. आयपीएमआय-एसआय आणि आयपीएमआय-डेव्हइंटफ ही दोन मॉड्यूल्स लोड करा आणि मग ‘आयपीएमआयटूल एसडीआर’ द्या. इनलेट (आत येणारी हवा), प्रोसेसर, पंखे, पॉवर सप्लाय सगळं नावानिशी येतं. डिव्हाइस सापडत नाही असं म्हणालं तर डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, पाहा. काही जुन्या बोर्डांवर बीएमसी हे वेगळं घ्यायचं कार्ड असे, आणि तुमच्या यंत्रात ते कधी बसवलंच नसेल. आकड्यांच्या जागी नुसतं ‘एनए’ येत असेल तर बीएमसी अडकलेला असू शकतो, ‘एमसी रीसेट कोल्ड’ने तो पुन्हा सुरू होतो. यात सर्व्हर बंद पडत नाही, पण पंखे काही वेळ पूर्ण वेगाने गर्जू शकतात. अकाउंट्सला आधी सांगून ठेवा, नाहीतर सगळे धावत येतात.

बीएमसी नसेल तर सुपर आय-ओ चिपशीच झुंजावं लागतं. खरी गंमत इथेच आहे. पंखा डोळ्यांसमोर फिरतोय आणि आकडा शून्य! जुन्या चिपमध्ये आठ बिटांचा काउंटर असतो. पंख्याच्या एका फेऱ्याला लागणारा वेळ तो मोजतो. पंखा हळू असेल तर २५५ च्या पुढे जाऊन काउंटर भरतो. आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे = १३,५०,००० भागिले (काउंट गुणिले डिव्हायझर); डिव्हायझर म्हणजे काउंटरची गती कमी करणारा भाजक. डिव्हायझर २ असेल तर सुमारे २,६५० च्या खालचा पंखा दिसतच नाही, ८ केला तर ६६० च्या आसपासपर्यंतचा दिसतो. ईटीसीमधल्या सेन्सर्स-डॉट-डी फोल्डरमध्ये एक फाइल करून त्यात फॅन-डिव्ह, म्हणजे हाच डिव्हायझर, वाढवा आणि तो लागू करायला ‘सेन्सर्स -एस’ चालवा. पंखा ‘जिवंत’ होतो. काही ड्रायव्हर हे आपोआप करतात, पण सगळे नाही.

उणे १२८ किंवा अधिक १२७ अंश दिसलं की घाबरू नका. त्या पिनेला सेन्सर जोडलेलाच नसतो. त्याच फाइलमध्ये इग्नोर लिहा. कुठला आकडा कशाचा हे बायोसच्या हार्डवेअर मॉनिटर पानाशी ताडून बघा, मगच लेबल द्या. प्रोसेसरवर भार टाकला की जो आकडा चटकन चढतो, तो प्रोसेसरचा. कोअरटेम्पचा आकडाही थर्मामीटरसारखा वाचायचा नाही. तो कमाल मर्यादेपासून किती खाली आहोत ते मोजतो, त्यामुळे थंड यंत्रात त्याचा भरवसा कमी आणि तापल्यावर जास्त.

कधी ड्रायव्हर लोडच होत नाही आणि लॉगमध्ये एसीपीआय रिसोर्स कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे तीच चिप फर्मवेअरनेही धरून ठेवलेली असते. कर्नलला ‘लॅक्स’ पर्याय देऊन तो दडपता येतो, जुने जाणकारही तेच सुचवतात. मला ते पटत नाही. फर्मवेअर आणि ड्रायव्हर एकाच चिपच्या रजिस्टरांत एकदम हात घालू लागले की चुकीचे आकडे येतात, आणि पंख्याचा वेग ठरवणारी यंत्रणा त्याच आकड्यांवर चालत असेल तर ते महागात पडतं. बीएमसी तेच वाचून देत असेल तर नादी लागू नका.

पंखा बदलायची वेळ आली की लोक कमी आवाजाचा, कमी वेगाचा पंखा आणतात. मग बीएमसीची किमान मर्यादा त्याच्या वेगापेक्षा वर राहते, तो पंखा मेला असं समजून बाकीचे सगळे जोरात सोडले जातात, वेग थोडा वाढतो, मर्यादा ओलांडते, पुन्हा खाली. खोलीभर लाटा आल्यासारखा आवाज. ‘आयपीएमआयटूल सेन्सर थ्रेश’ने खालच्या मर्यादा उतरवल्या की शांतता. चालू सर्व्हरवर पीडब्ल्यूएमकॉन्फिग (पंख्यांच्या वेगाची जुळणी करणारी स्क्रिप्ट) मात्र दिवसा चालवू नका. ते तपासणीसाठी पंखे चक्क थांबवतं.

डिस्कच्या तापमानासाठी लिनक्स ५.६ पासून ड्राइव्हटेम्प मॉड्यूल आहे, जुन्या कर्नलवर डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल कमांड वापरा. रेड कंट्रोलरमागे (अनेक डिस्क एकत्र बांधणारं कार्ड) लपलेल्या डिस्कांना कंट्रोलरचा प्रकार स्मार्टसीटीएलला ‘-डी’ने सांगावा लागतो.