इंग्रजी कविता शिकवताना या चुका टाळा

नववीच्या वर्गात इंग्रजी कविता सुरू झाली की पाच मिनिटांत फळ्यावर तिचा मराठी अर्थ उतरतो. गिरणगावातल्या मराठी माध्यमाच्या वर्गात मीही बरीच वर्षं तेच केलं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अर्थ वहीत आला की मूळ ओळींकडे कुणी वळून बघत नाही. पहिल्या तासाला पुस्तकं बंद ठेवा, कविता दोनदा मोठ्यानं वाचा आणि एवढंच विचारा, "कुठला शब्द कानात राहिला?" मुलं सांगतील ते शब्द फळ्यावर लिहा आणि तिथूनच अर्थाकडे जा.

यमकही कानानंच शोधायचं. 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांची शेवटची तीन अक्षरं सारखी, म्हणून मुलं जोडी लावून मोकळी होतात. उच्चार मात्र जुळत नाही. उलट 'ब्लू' आणि 'थ्रू' स्पेलिंगमध्ये एकमेकांसारखे दिसत नाहीत, पण यमक चोख जुळतं.

लयीची गोष्ट जरा अवघड. मराठीच्या तासाला मुलं लघु-गुरू शिकलेली असतात, म्हणून तीच चिन्हं इंग्रजी ओळीवर मांडायचा मोह होतो. पण लघु-गुरूचा हिशेब उच्चाराला लागणाऱ्या वेळेचा, तर इंग्रजी लय चालते जोरावर. 'विंडो' म्हणताना जोर आधी येतो, 'टुडे' म्हणताना नंतर. जोर येईल तिथे बाकावर थाप मारायला लावा. आवाज होईल, होऊ द्या. हे फळ्यावर समजावून येत नाही, हातानंच येतं.

दहावीला रसग्रहण लिहावं लागतं, म्हणून अलंकारांची नावं पाठ होतात. नाव सांगितलं की विचारा, हा शब्द बदलला तर ओळीचं काय बिघडेल?

आता लेखन. 'अ रेनी डे' असा विषय दिला की साठ वह्यांत गाइडमधले तेच काळे ढग येतात. मुंबईच्या मुलांनी जुलै पाहिलेला असतो, आपण त्यांना तो लिहू देत नाही. विषय अरुंद करा: लोकल पावसात थांबली तेव्हा कानांवर आलेले फक्त आवाज, आठ ओळींत. 'ब्युटिफुल', 'नाइस', 'व्हेरी' वापरायचे नाहीत. 'पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन' ही रोजची उद्घोषणा घेऊन तिच्यापुढे प्रत्येकानं आपापली ओळ जोडायची, हा खेळ तर मागच्या बाकावरची मुलंही मागून घेतात.

शब्द अडला की "इंग्लिशमध्येच लिही" असं दटावू नका. कच्च्या खर्ड्यात मराठी शब्द राहू द्या. अरुण कोलटकरांनी मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत कविता लिहिली, हे मुलांना जरूर सांगा. एका मुलीनं 'पागोळ्या' लिहिलं होतं. इंग्रजी शब्द कुणालाच सापडेना. दोन दिवसांनी तिनं आणलं, 'वॉटर थ्रेड्स फ्रॉम द रूफ'. शब्दकोशातून मला हे सुचलं नसतं.

आणि पहिल्या खर्ड्यावर लाल पेन नको. चुकांच्या गोलांनी भरलेली वही परत मिळाली की मूल पुढच्या वेळी फक्त खात्रीचे, सोपे शब्द वापरतं. साठ वह्या तपासायच्या असतात, वेळ नसतो, ठाऊक आहे. एका जिवंत ओळीखाली रेघ मारा आणि समासात एक प्रश्न लिहा: "हा आवाज कुठून आला?" स्पेलिंग दुसऱ्या खर्ड्यात बघू.