मृगाच्या आधी मुक्त गोठ्यातला शेणाचा थर काढा, नायतर दगडी (कासेची सूज) ठरलेली

मुक्त गोठा केला, म्हणजे गाया न बांधता मोकळ्या सोडल्या, की शेण काढायचं काम संपलं, असं बऱ्याच जणांनी डोक्यात बसवून घेतलंय. उन्हाळ्यात चालून जातं, शेण वाळतं, गाया त्यावरच बसतात. पण 7-8 जूनला मृग लागतो आणि एक चांगला पाऊस झाला की तोच वीतभर थर फुगतो, त्याची राड होते, अन् गाय धार काढून झाली की थेट त्यात कास टेकून बसते. संगमनेर-राहात्याकडं बघा नायतर फलटण-बारामतीकडं, चांगल्या एचएफ (होल्स्टिन, जास्त दुधाची संकरित) गाईचे सड असेच जातात.

धार काढल्यावर सडाचं तोंड निदान अर्धा तास उघडं असतं. तेवढा वेळ गाय बसू द्यायची नाही, म्हणून कुट्टी (कापलेला चारा) धारेच्या आधी नाही, धार झाल्या झाल्या गव्हाणीत टाका, खात उभी राहते.

आत्ताच करायचं म्हणजे जुना थर जेसीबीनं नायतर फावड्यानं, कसाही खरडून काढा, वर मुरूम टाकून मधे उंचवटा करा, पाणी कडेला गेलं पायजे. पाण्याचा हौद वाहत असेल तर तो पहिला बघा, निम्मी राड तिथूनच सुरू होते. बसायच्या जागेवर गुडघा टेकून बघा, पँट ओली झाली तर जागा नापास. माझा अंदाज असा की पहिल्या पंधरवड्यातच जास्त सड जातात, नंतर लोक आपोआप शहाणे होतात.

बाकी नेहमीचं:
- घटसर्प, फऱ्या लस
- जंतनाशक
- खुरं साळणं
- छताखाली 40, मोकळी 80 स्क्वेअर फूट जागा एका गाईला
- कोब्याला (सिमेंटच्या जमिनीला) 40 फुटाला 1 फूट उतार
- उकिरडा गोठ्यापासून लांब, वर ताडपत्री, नायतर खताचा नत्र पावसात वाहून जातो

दुकानदार रबर मॅट आणि दगडीची पावडर गळ्यात मारणार. मॅट वाईट नाही, पण खाली मूत साचतं, उचलून धुणार नसाल तर पैसे पाण्यात. त्यापेक्षा पोव्हिडोन आयोडीनचं टीट डिप (सड बुडवायचं जंतुनाशक) घ्या, दोन्ही टायमाला प्रत्येक सड बुडवा, खर्च किरकोळ आहे.

रोज पहिली धार काळ्या फडक्यावर मारा, गाठी दिसल्या की ती गाय शेवटी पिळा आणि डॉक्टरला फोन करा. एनडीडीबी (राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ) सांगतं तो लेपही चालतो, कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम वाटून दिवसातून 8-10 वेळा कासेला, 5 दिवस. सडात औषधाची ट्यूब मात्र स्वतःच्या मनानं सोडू नका, आणि डॉक्टरनं सोडली तर सांगितले तेवढे दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही.