डिग्री अप्रेंटिसशिपला लागलात? निदान या चुका तरी टाळा

सप्टेंबर आला की आमच्या ऑफिसात गळ्यात कोरं करकरीत ओळखपत्र अडकवलेली पोरं दिसायला लागतात. ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी, संपवून थेट नोकरी, आणि नोकरीतच डिग्री: हीच डिग्री अप्रेंटिसशिप. इंग्लंडमध्ये हे 2015 पासून सुरू आहे. मोठ्या कंपन्यांनी ते उचलून धरलं त्यामागे लेव्हीचाही, म्हणजे अप्रेंटिसशिपसाठी कंपन्यांवर बसवलेल्या कराचाही हात आहे. ज्या कंपनीचा वार्षिक पगारखर्च 30 लाख पौंडांच्या वर जातो, तिला एप्रिल 2017 पासून त्या वरच्या रकमेवर अर्धा टक्का भरावा लागतो. तो पैसा अप्रेंटिसच्या शिक्षणावर वापरला नाही, तर मुदत संपली की गेला. म्हणून फी तुम्हाला भरावी लागत नाही, वर पगार मिळतो आणि शैक्षणिक कर्जही होत नाही.

एवढं पदरात पडूनही मुलं घसरतात, आणि घसरायच्या जागा ठरलेल्या आहेत. अशा मुलांची लाइन मॅनेजर म्हणून तेच तेच सांगून माझा घसा बसलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

पोर्टफोलिओ शेवटच्या वर्षावर ढकलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्युशन्स या आयटीच्या कोर्समध्ये शेवटच्या मूल्यमापनाला तुमचा प्रकल्प तपासतात आणि पोर्टफोलिओच्या, म्हणजे केलेल्या कामाच्या पुराव्यांच्या फाइलच्या, आधारे तुमच्याशी सविस्तर बोलतात. ज्ञान, कौशल्य आणि वर्तन अशी मुद्द्यांची लांबलचक यादी असते आणि ते सगळं तुमच्या खऱ्या कामात कुठे दिसलं, ते दाखवावं लागतं. मुलांना वाटतं, काम तर केलंय, लिहायला कितीसा वेळ लागतो! ख्रिसमसच्या सुट्टीत बसून उरकू.

आमच्याकडे एक मुलगा होता. हुशार, आणि कामाला वाघ. पहिल्या वर्षी त्याने रात्री आपोआप चालणारा एक जुना जॉब (म्हणजे प्रोग्राम) मोडीत काढून क्लाउडवर नव्याने बसवला. तो जॉब मधेच बंद पडायचा आणि सकाळी कुणीतरी हाताने चालवायचा, ती कटकट कायमची गेली. मग रोटेशन झालं, तो दुसऱ्या टीमला गेला. रोटेशन झालं की जुन्या टीमच्या रिपॉझिटरीचा (कोडच्या साठ्याचा) आणि तिकिटांचा (कामाच्या नोंदींचा) अ‍ॅक्सेस काढून घेतात, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याची पहिली मॅनेजर नोकरी सोडून गेली. चॅटमधलं जुनं बोलणं कंपनीच्या नियमाप्रमाणे आपोआप पुसलं गेलं. शेवटच्या वर्षी पोर्टफोलिओ उघडून बसला तेव्हा हातात एकच ओळ होती: ‘बॅच जॉब क्लाउडवर हलवला’. का हलवला, दुसरे पर्याय कोणते होते, आधी किती वेळ लागायचा आणि नंतर किती, काहीच नाही. आठवणीतून लिहायला गेला तर तारखासुद्धा जुळेनात.

मग अ‍ॅक्सेससाठी अर्ज, सिक्युरिटीच्या शंका, जुन्या मॅनेजरला लिंक्डइनवर गाठणं. यात अंतिम मूल्यमापन काही महिने पुढे गेलं, पाठोपाठ डिग्री लांबली आणि कायमच्या पदावरची पगारवाढही. त्याच्यासोबत लागलेली, कामात त्याच्यापेक्षा बरीच साधी असलेली मुलगी वेळेत सुटली, कारण ती दर आठवड्याला लिहीत होती.

माझी पद्धत सोपी आहे, शास्त्रशुद्ध वगैरे नाही. शुक्रवारी निघण्याआधी अर्धा तास बसायचं. अडचण काय होती, पर्याय कोणते दिसले, त्यातला हाच का घेतला, शेवटी काय फरक पडला. चार-पाच वाक्यं पुरतात. आकडा असेल तर तो त्याच दिवशी टिपायचा. ज्याच्यासाठी काम केलं त्याच्याकडून दोन ओळींची ईमेल तेव्हाच मागून घ्यायची, कारण खूश झालेला माणूस महिन्याभरात विसरतो. स्क्रीनशॉटमधलं ग्राहकाचं नाव झाकायचं. आणि हे सगळं कंपनीने नेमून दिलेल्या जागीच ठेवायचं. एका पठ्ठ्याने पुराव्यांची अख्खी फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवली होती. पुढची भेट थेट सिक्युरिटीवाल्यांशी.

लिहिताना ‘टीमने केलं’ लिहू नका. घरात आपल्याला ‘मी मी’ करू नये असं शिकवलेलं असतं, ते इथे आडवं येतं. गुण तुम्हाला मिळणार आहेत, टीमला नाही.

अभ्यासाचा दिवस ‘फक्त या वेळेपुरता’ देऊन टाकणं

प्रशिक्षण पगारी वेळेतच व्हायला हवं, हा नियम आहे. आधी कामाच्या वेळेच्या 20 टक्के, म्हणजे आठवड्याचा एक दिवस, असा हिशेब होता, 2022 मध्ये आठवड्याला सरासरी 6 तासांचा किमान निकष आला आणि ऑगस्ट 2025 पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी प्रत्येक अप्रेंटिसशिपचे किमान तास वेगळे ठरवून दिलेत. पण सॉफ्टवेअरची रिलीज जवळ आली की कुणीतरी येतो, ‘एवढा शुक्रवार मदत कर ना’. नव्या मुलाला नाही म्हणायची भीती वाटते. मग पुढचाही शुक्रवार जातो आणि असाइनमेंट रात्री दोन वाजता लिहिली जाते. यात दोष मॅनेजर लोकांचा जास्त आहे, हे मी मॅनेजर असून सांगते. तरी तुमच्या हातात एवढं आहे: तो दिवस कॅलेंडरवर वर्षभरासाठी अडवून ठेवा. मागितलाच तर लगेच विचारा, ‘चालेल, बदल्यात कुठला दिवस घेऊ?’ हा प्रश्न ऐकून निम्मे लोक परत फिरतात.

दर 12 आठवड्यांनी तुमची, मॅनेजरची आणि विद्यापीठाकडच्या माणसाची एकत्र बैठक होते. तिथे ‘ऑल गुड’ म्हणून पंधरा मिनिटांत उठू नका. गेलेले दिवस तिथेच बोलायचे. मागाहून रडगाणं गायलात तर कुणी ऐकत नाही.

एआयकडून लिहून घेणं

कंपनीने परवानगी दिली असेल तर कोड लिहायला मदत जरूर घ्या, मीही घेते. पण न समजलेला कोड माझ्याकडे रिव्ह्यूला पाठवू नका. ‘ही ओळ कशासाठी?’ एवढं विचारलं की चेहरा सांगतो. पोर्टफोलिओचा मजकूरही असाच गुळगुळीत लिहून घेतला, तर मूल्यमापनाच्या गप्पांत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच पितळ उघडं पडतं. तिथे मागचं सगळं विचारतात आणि उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

याच घाईचा दुसरा अवतार म्हणजे रुजू होऊन महिनाही झाला नाही तोच ‘मला एआयच्या टीममध्ये कधी टाकणार?’ बाळा, आधी कोड तपासणाऱ्या टेस्ट लिही, सिस्टिमच्या नोंदींचे लॉग वाचायला शीक. सपोर्टच्या तिकिटांना नाक मुरडणारी मुलं पुढे डिझाइनच्या मीटिंगमध्ये गप्प बसलेली मी पाहिली आहेत, कारण सिस्टिम कुठे मोडते ते त्यांनी कधी बघितलेलंच नसतं.

बाकीच्या किरकोळ. विद्यापीठातल्या मित्रांच्या पार्ट्यांचे फोटो बघून झुरू नका, तुमची सुट्टी रजेच्या हिशेबाने मिळणार. अडलात तर तासभर झगडा, मग विचारा. दिवसभर गप्प बसणं म्हणजे स्वावलंबन नव्हे.

आईबाबांसाठी

अर्ज मुलांना करू द्या. व्हिडिओ मुलाखतीत कॅमेऱ्यामागून केलेली कुजबुज ऐकू येते. अर्ज थेट कंपनीकडे जातो आणि शरद ऋतूपासूनच जागा निघायला लागतात. जानेवारी उलटल्यावर जागे होऊ नका.

पुण्या-नाशिकहून भाच्या-पुतण्यांसाठी विचारणा होते, ‘आमच्या चिन्मयला तिकडे लावता येईल का?’ सरकारी निधीसाठी साधारणपणे आधीची तीन वर्षं इथलं कायदेशीर वास्तव्य लागतं. थोडे अपवाद आहेत, पण भारतातून निघून थेट यात शिरण्याचा हा मार्ग नाही. कुणी एजंट तसं सांगून पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या.

आणि बॉन्डचं. आपल्याकडच्या सवयीने पहिला प्रश्न हाच येतो: मधेच सोडलं तर फी परत मागतील का? इंग्लंडच्या निधीच्या नियमांनुसार प्रशिक्षणाचा आणि मूल्यमापनाचा खर्च अप्रेंटिसकडून घेता येत नाही, त्याने मधेच सोडलं तरीही. करारात तसं कलम दिसलं तर सही करण्याआधी विद्यापीठाच्या अप्रेंटिसशिप विभागाला दाखवा.