भरवाडांच्या वाड्यावर फोटो काढायचेत? आधी पान्हा समजून घ्या

बडोद्यात गाईचा फोटो म्हणजे मांडवीपाशी रस्त्यात ठाण मांडून बसलेली गाय, एवढंच आपलं असतं. पण शहराबाहेर पडलात, सिंधरोटकडे महीच्या बाजूला वगैरे, की भरवाडांचे, म्हणजे गुरं पाळणाऱ्या समाजाचे, गुरांचे वाडे लागतात, आणि तिथे पहाटे जे काम चालतं ते फोटोत आणायला थोडी अक्कल लागते, जी मला उशिरा आली.

पहिल्या दिवशी कॅमेरा नेऊच नका. चहा प्या, कुठली गाय मारकी आहे ते विचारून ठेवा, बायकांचे फोटो काढले तर चालतील का तेही तेव्हाच विचारा, आणि नाही म्हणाले तर विषय संपला. गुजराती आपल्या बडोदेकरांना येतंच, ते वापरा.

जानेवारीत सूर्य उगवायला सव्वासात होऊन जातात पण धारा काढणं त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, कारण दूध वेळेत मंडळीत, म्हणजे दूध सोसायटीत, पोचवायचं असतं, म्हणजे तुमच्या वाट्याला येतो एक पिवळा बल्ब. इथे हात फ्लॅशकडे जातो. माझाही गेला होता. गाईने लाथ झाडली, बादली आडवी, आणि धार काढणारे काका एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

नंतर कळलं प्रकार काय तो. आधी वासरू सोडतात, ते ढुशा मारतं, मग गाईच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं आणि ती पान्हा सोडते, आणि त्याचा जोर जेमतेम पाच-सात मिनिटं असतो. तेवढ्यात गाय बिचकली की अॅड्रेनॅलिन आडवं येतं आणि ती दूध चोरते, म्हणजे आतच धरून ठेवते. म्हणजे तुमच्या एका फोटोपायी त्यांचं लिटरभर दूध जाऊ शकतं. म्हणून फ्लॅश बंद, फोकसचा लाल दिवा बंद, शटरचा आवाज सायलेंटवर, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, बिनधास्त 3200 करा, फोटोत ग्रेन, म्हणजे दाणे, आले तर येऊ दे ना. 35 किंवा 50 मिमीची एफ/1.8 लेन्स, जी कमी उजेडातही चालते, असेल तर सोनं. दुधाची धार रेघेसारखी हवी असेल तर शटर 1/60 सेकंद, थेंब गोठवायचे तर 1/500, पण बल्बच्या उजेडात ते विसरा.

उभं कुठे राहायचं? गाईचे डोळे बाजूला असतात, तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त थेट मागचं नाही, म्हणून मागून जाऊ नका. खांद्याच्या रेषेत, चार हात लांब, आणि एकदा बसलात की बसलात.

म्हैस असेल तर कॅमेरा फसतो, काळं बघून फोटो उजळ करतो आणि शेजारी काकांचं पांढरं केडियुं, म्हणजे घेरदार आखूड अंगरखा, पार उडून जातं, त्यामुळे एक्सपोजर उणे एक ठेवा.

गुरं चरायला निघाली की खरी मजा, सूर्य समोर ठेवा म्हणजे धूळ पेटल्यासारखी दिसते. लेन्स मात्र तिथे बदलू नका. गीर जातीची गाय असेल तर फुगीर कपाळ, लोंबते कान, मागे वळलेली शिंगं हे सगळं पाऊण बाजूने दिसतं. कांकरेज जातीची मात्र समोरून घ्या, तिची शिंगं चंद्रकोरीसारखी वर जातात. आणि तिची ती सवाई चाल, मागचा पाय पुढच्याच्या ठशाच्या जरा पुढे पडतो, ती बाजूने 1/30 ला कॅमेरा फिरवत पकडायची, दहातला एक जमतो.

प्रिंट नेऊन द्यायच्याच, व्हॉट्सअॅपवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. मी हातांचे, फेसाचे, धुळीचे मोठे कलात्मक फोटो नेले होते, काकांनी एकेक बघितला, सगळे उलटेपालटे केले आणि म्हणाले, "ने आखलो क्यां?" वळूचा एकही नव्हता.