दोन सॉकेटच्या जुन्या बोर्डावर अनलॉक ईएस झिऑन पळवताना

इंटेल ५५२० चिपसेटच्या, दोन एलजीए १३६६ सॉकेटच्या बहुतेक सर्व्हर बोर्डांच्या बायोसमध्ये ओव्हरक्लॉकिंग (सीपीयू ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं) नावालाही नसतं. बेस क्लॉक (ज्याला मल्टिप्लायरने गुणून सीपीयूचा वेग ठरतो) १३३ मेगाहर्ट्झवर खिळलेला. अनलॉक ईएसचा (ईएस म्हणजे इंजिनिअरिंग सॅम्पल, इंटेलने विक्रीआधी चाचणीसाठी दिलेली चिप; इथे झिऑन हा सर्व्हर सीपीयू) उपयोग इथेच: नुसता मल्टिप्लायर वाढतो, रॅम आणि क्यूपीआयला (सीपीयू आणि चिपसेट जोडणारा दुवा) धक्का लागत नाही.

झाकणावर एसएलने सुरू होणारा कोड असेल तर तो बाजारातला माल. ईएसवर क्यूने सुरू होणारा चार अक्षरांचा कोड असतो. कागदोपत्री या चिपा इंटेलच्याच मालकीच्या, वॉरंटी विसरा. वेस्टमीअर पिढीच्या बी१ स्टेपिंगआधीची (स्टेपिंग म्हणजे चिपची आवृत्ती) चिप (बी१ चा ओळख आकडा, म्हणजे सीपीयूआयडी, २०६सी२) असेल तर बायोसमध्ये तिचा मायक्रोकोड (चिपच्या आतला, बायोस भरतो तो कोड) नसू शकतो, मग स्क्रीन काळीच राहते. आधी पहिल्या सॉकेटात एकच चिप लावून बघा.

प्रत्येक ईएस अनलॉक नसतो. लिनक्सवर एमएसआर-टूल्स (सीपीयूच्या आतली सेटिंगची रजिस्टरं, म्हणजे एमएसआर, वाचण्या-लिहिण्याची साधनं) टाका, एमएसआर मॉड्यूल लोड करा आणि हेक्स सीई रजिस्टर वाचा. २८ वा बिट (बिट शून्यापासून मोजायचे) १ असेल तर टर्बो मल्टिप्लायर खुला. शून्य असेल तर तिथेच थांबा. बायोसमध्ये टर्बो चालू हवा.

आता १एडी रजिस्टर (हाही हेक्स आकडा). यात किती कोअर जागे आहेत त्याप्रमाणे एकेक बाइट. सहा कोअरच्या चिपला सहाही बाइट सारखेच भरा: २७ साठी १बी (३.६ गिगाहर्ट्झ), २८ साठी १सी (३.७३). दोन्ही सॉकेटच्या सगळ्या कोअरवर लिहा. एकाच सॉकेटवर लिहून दुसरा मागे राहणं ही नेहमीची चूक. एकेक पायरी चढा, दर पायरीला प्राइम९५ (सीपीयूवर पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम) ची स्मॉल एफएफटी चाचणी तासभर.

लोड येताच क्लॉक घसरला तर पॉवर लिमिट आडवी आलीय. सीईचा २९ वा बिट १ असेल तर १एसीमध्ये ती वाढवता येते. वॉटचा आकडा आठने गुणायचा, म्हणजे १६० वॉटसाठी १२८०. सोबत १एसीचाच १५ वा बिट चालू करा, नाहीतर आकडा लागूच होत नाही. अँपिअरची मर्यादा त्याच रजिस्टरच्या वरच्या अर्ध्यात, ती लागू करणारा बिट ३१ वा.

खरा घात मात्र व्हीआरएम (बोर्डावरचा, सीपीयूला वीज पुरवणारा भाग) करतो. हे बोर्ड रॅकमधल्या सोसाट्याच्या वाऱ्यासाठी बनलेत. टॉवर कॅबिनेटात सीपीयू थंड दिसतो आणि बाजूचे व्हीआरएमचे मॉस्फेट (वीज हाताळणारे ट्रान्झिस्टर) भाजतात. त्यांच्यावर थेट १२० मिमीचा पंखा रोखा, दोन्ही ईपीएस केबल (पॉवर सप्लायकडून सीपीयूला वीज देणाऱ्या) जोडा. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत पास झालेली सेटिंग मे महिन्यात परभणी-नांदेडच्या ४२ अंशांत टिकेलच असं नाही. खोली १७ अंश तापली की चिपही जवळजवळ तेवढीच तापते. चाचणी दुपारी तीनला घ्या. डेझर्ट कूलरचा ओला झोत मशीनवर सोडू नका. ६०० व्हीएच्या यूपीएसवर हे जोडपं लोडखाली तग धरणार नाही.

एमएसआरमधलं लिखाण लाइट गेली की पुसतं, मशीन मूळ वेगावर उठतं. आपल्याकडच्या लाइटीच्या लपंडावात हे बरंच आहे. म्हणून ऑटोस्टार्ट स्क्रिप्ट लावण्याची घाई नको. आठवडाभर हाताने लिहून स्थिर चाललं, की मग लावा.