ब्रह्मकमळ: पुढच्या पावसाळ्यातील फुलांसाठी दिवाळीनंतरची कामे

परतीचा पाऊस संपला आणि दिवाळी झाली की गोव्यातल्या अंगणांतल्या ब्रह्मकमळाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. जून ते सप्टेंबर या काळात बहर येऊन गेलेले असतात. नंतर महिनोन्महिने इतर कुंड्यांबरोबर त्यालाही रोजचे पाणी मिळत राहते. पुढच्या पावसात किती कळ्या धरणार हे मात्र बरेचसे याच महिन्यांत ठरते. ‘झाड हिरवेगार आहे, पण फूल काही येत नाही’ अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक ठिकाणी झाडाचे अति लाड झालेले आढळतात: मोठी कुंडी, बारमाही पाणी, शेणखताचा भरपूर पुरवठा आणि गर्द सावली.

हे झाड म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. मूळचे दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडच्या दमट जंगलांतले. तिथे ते मोठ्या झाडांच्या बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्यात वाढते. निवडुंगाच्या कुळातले असले तरी वाळवंटातले नाही, आणि जमिनीतलेही नाही. त्याच्या मुळांना ओल हवी, पण त्याहून जास्त हवा लागते. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचे चपटे खोड; पुढे फांदी म्हटले आहे ते हेच. कळी त्याच्या कडेच्या खाचेतल्या डोळ्यातून येते. हिमालयातले ब्रह्मकमळ ही सर्वस्वी वेगळी वनस्पती आहे. तिच्यासाठीचे बर्फाचे नि कडाक्याच्या थंडीचे उपाय या झाडावर करू नयेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: पाण्याचा ताण

डाळिंब, मोसंबीच्या बागेला बहर धरण्यासाठी ताण देतात, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. ब्रह्मकमळालाही सौम्य ताण मानवतो. थंड प्रदेशात रात्रीचा गारवा हे काम करतो. गोव्यात डिसेंबर-जानेवारीतही रात्रीचे तापमान साधारण २० अंशांच्या आसपास राहते. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ भागात थोडे कमी. एवढ्या गारव्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून पाणी कमी करूनच झाडाला विश्रांती द्यावी लागते.

नोव्हेंबरच्या मध्यापासून पाण्यातले अंतर हळूहळू वाढवावे. १० इंची कुंडीला दर ८ ते १० दिवसांनी पाव लिटर पाणी पुरते. देण्याआधी बोट दोन पेरे आत घालून पाहावे. आत ओल लागली तर आणखी दोन दिवस थांबावे. फांदी किंचित मऊ पडली तर घाबरू नये. मात्र मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सुरकुत्या दिसू लागल्या तर ताण जास्त झाला आहे. त्या दिवशी अर्धा लिटर पाणी द्यावे. पूर्ण कोरडे ठेवले की बारीक मुळे मरतात. मग फेब्रुवारीत पाणी वाढवले तरी ते झाडाला घेता येत नाही, कुंडीतले मिश्रण ओलेच राहते आणि बुड कुजते. ताण देऊनही झाड गेले, असे होते ते बहुधा या मार्गाने. या काळात अवकाळी पाऊस आला तर कुंडी पडवीत घ्यावी, आणि खत अजिबात देऊ नये.

उजेड

फांद्यांचा रंग पाहून जागा बरोबर आहे की नाही ते कळते. गडद हिरव्या, पातळ आणि लांबच लांब फांद्या म्हणजे उजेड कमी. तांबूस छटा किंवा पिवळट पांढरे चट्टे म्हणजे ऊन जास्त. फिकट हिरवी, जाडसर फांदी फुलते. सकाळचे ३ ते ४ तास ऊन आणि दुपारनंतर सावली, अशी पूर्वेकडची जागा उत्तम. बाल्कांवच्या (घरापुढच्या छपराखालच्या ओसरीच्या) आत, भिंतीला टेकवून ठेवलेल्या कुंड्या वर्षानुवर्षे फुलत नाहीत त्याचे मुख्य कारण हेच. आंब्या-फणसाखाली ठेवलेली कुंडीही थंडीच्या दिवसांत थोडी बाहेर, कोवळ्या उन्हात काढावी. एकदम सावलीतून उन्हात आणू नये. आठवडाभरात दोन-तीन टप्प्यांत सरकवावी. मार्चअखेरीस दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या झाडांना ५० टक्के सावलीची शेडनेट लागतेच.

कुंडी आणि मिश्रण

कुंडी लहानच बरी. मुळे थोडी दाटलेली असली की झाड फुलाकडे वळते. १४-१६ इंची कुंडीत टाकले की पुढची दोन-तीन वर्षे ते नुसते वाढत राहते. पूर्ण वाढलेल्या झाडालाही ८ ते १० इंची मातीची कुंडी पुरते. पाणी निचरत नसेल किंवा मिश्रण कुजून घट्ट झाले असेल तरच बदलावी, आणि ते काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उरकावे. फेब्रुवारीनंतर मुळे हलवली तर त्या वर्षीच्या फुलांवर परिणाम होतो.

मिश्रण असे: नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे २ भाग, चाळलेला कुजलेला पाला १ भाग, गांडूळखत १ भाग, आणि नदीची जाड रेती किंवा चिऱ्याचे (जांभा दगडाचे) बारीक तुकडे १ भाग. गोव्याची तांबडी माती एकटी वापरू नये; पावसात ती घट्ट बसते आणि मुळांची हवा तुटते. सोडणाचे तुकडे ३ ते ४ दिवस पाण्यात भिजत ठेवून रोज पाणी बदलावे, म्हणजे त्यातले क्षार निघून जातात. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून कुणी वापरत असेल तर लगेच थांबवावे. तिच्यातल्या मिठाने फांद्यांची टोके करपतात आणि मुळे काळी पडतात. खाजनाजवळच्या (बांध घालून भरतीचे खारे पाणी अडवलेल्या शेतांजवळच्या) व किनारपट्टीच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते, तेही या झाडाला घालू नये. त्या दिवसांत नळाचे पाणी रात्रभर भांड्यात ठेवून द्यावे.

फेब्रुवारीअखेरीपासून जाग

फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाण्यातले अंतर ४ ते ५ दिवसांवर आणावे. मार्चपासून वरचा एक पेर थर सुकला की तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. याच वेळी १० इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि दोन चमचे हाडांचा चुरा वरच्या थरात मिसळावा. मार्चपासून दर १५ दिवसांनी ०:५२:३४ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण) हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात ओल्या मिश्रणावर ओतावे. कोरड्या मुळांवर कधीही नाही. कळ्या बोटाच्या पेराएवढ्या झाल्या की खत बंद.

युरिया, ताजे शेण आणि मासळी धुतलेले पाणी यांना इथे जागा नाही. तिन्हींतल्या नत्राने फांद्या झपाट्याने वाढतात आणि डोळे झोपलेले राहतात. मासळीच्या पाण्यात मीठही असू शकते. फुले संपल्यावर सप्टेंबरमध्ये मात्र नवीन फांद्यांसाठी १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, १५ दिवसांच्या अंतराने दोनदा, जरूर द्यावे.

छाटणीत संयम हवा. एका डोळ्यातून साधारणपणे एकदाच फूल किंवा फांदी येते, पण त्याच फांदीवरचे उरलेले डोळे पुढच्या वर्षी फुलतात. जुनाट, डागाळलेली दिसते म्हणून फांदी कापणे म्हणजे पुढची फुले कापणे. फक्त कुजलेल्या, अगदी पातळ किंवा मोडलेल्या फांद्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढाव्यात. बुडातून काठीसारखा गोल फुटवा वर चढत असेल तर दीड-दोन हातांवर त्याचा शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने चपट्या फांद्या फुटतात. जानेवारीनंतर कात्री लावू नये.

कळ्या धरल्यावर

गोव्यात पहिल्या कळ्या साधारण मेअखेर ते जूनमध्ये, वळवाच्या सरींनंतर दिसतात. सुरुवातीला कळी आणि फांदीचा कोंब सारखेच तांबूस ठिपके वाटतात. चार-पाच दिवसांत फरक कळतो: कोंब चपटा होतो, कळी गोलसर राहून तिचा देठ लांबू लागतो. तिथून फुलायला साधारण ३ ते ४ आठवडे लागतात. देठ आधी खाली लोंबतो, मग टोकाकडून वर वळतो. वर वळलेली कळी टपोरी होऊन बाहेरच्या तांबूस पाकळ्या सैल दिसल्या की त्याच रात्री फूल. साताठ वाजता उमलायला लागते, दहा ते बाराच्या दरम्यान पूर्ण उघडते आणि पहाटेपर्यंत मान टाकते. पूर्ण उमललेले फूल देठासह कापून फ्रिजमध्ये ठेवले तर कोमेजणे काही तास लांबते. सकाळच्या पूजेसाठी हा उपाय बरा.

कळ्या गळण्याची मुख्य कारणे: कुंडी हलवणे किंवा फिरवणे, एकदा कोरडे पडू देऊन मग भरपूर पाणी देणे, आणि मुळाशी पाणी साचणे. कळी दिसताच कुंडी जिथे आहे तिथेच ठेवावी. म्हणून पावसाळ्याची जागा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच ठरवावी: वळचणीखाली, पण पागोळीची धार थेट कुंडीत पडणार नाही अशी. कुंडी दोन चिऱ्यांवर उचलून ठेवावी आणि खालची बशी काढून टाकावी. तिच्यात डासही होतात. खूप कळ्या धरल्या तर काही आपोआप गळतात, त्याची चिंता नको.

पावसात सर्वांत जास्त नुकसान करते ती मोठी गोगलगाय. एका रात्रीत ती कळ्या कुरतडते. रात्री टॉर्च घेऊन वेचावी आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकावी. कुंडीभोवती मीठ पसरू नये. वेचताना हातमोजे घालावेत. खाचांत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्यांची ये-जा वाढली की आधीच तपासावे. थोडा असेल तर सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली द्रव साबण घालून संध्याकाळी फवारावे, कळ्यांवर मात्र नाही. फांदीचे बुड मऊ, काळे पडले तर निरोगी हिरवा भाग लागेपर्यंत स्वच्छ सुरीने कापून कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम या प्रमाणात कापल्या जागी आणि मुळाशी द्यावे. कोरडे, तपकिरी, खडबडीत डाग वयाचे असतात. त्यांना औषध नको.

नवीन रोपे

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ त्यासाठी योग्य; भर पावसात लावलेल्या फांद्या कुजतात. फुले येऊन गेलेल्या फांदीचा १५ ते २० सेंमी तुकडा घ्यावा, खालच्या टोकाला खूण करावी आणि सावलीत ५ ते ७ दिवस जखम सुकू द्यावी. मग ४ ते ५ सेंमी खोल, खालचे टोक खालीच ठेवून ५ इंची कुंडीत लावावा. पहिले तीन आठवडे मिश्रण नुसते ओलसर ठेवावे. फांदी हलक्या हाताने ओढून पाहिल्यावर अडली की मुळे धरली, मग पाणी वाढवावे. पहिल्या थंडीत या रोपांना ताण देऊ नये. त्यांना साधारण दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात कळी येते. गोल काठीपासून लावलेल्या रोपाला त्याहून जास्त वेळ लागतो.